मद्याचा चोथा आणि गाईचें आंबोण

तेल गाळल्यावर उरलेली पेंड आपण गाईपुढें ठेवतों. गाळून घेतलेल्या वस्तूची किंमत सारेच जाणतात. उरलेल्या वस्तूची बूज कशी राखली जाते, यावरून मात्र त्या धंद्याचें शहाणपण कळतें. स्कॉटलंडमध्यें स्पे नदीच्या खोऱ्यांत हाच प्रश्न व्हिस्कीच्या भट्ट्यांपुढें उभा आहे.

तेथें जव भिजवून मोड आणतात, वाळवून भरडतात व कढत पाण्यांत कालवतात. धान्यांतील पिष्टाची साखर होऊन ती पाण्यांत उतरते. हें गोड पाणी काढून घेतल्यावर जो चोथा राहतो, त्याला 'ड्राफ' म्हणतात. साखर गेली तरी प्रथिनें व कोंडा त्यांत शिल्लकच असतात. कोरड्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा प्रथिनांचा भरतो. रवंथ करणाऱ्या जनावरांना तो चांगला मानवतो.

गोड पाणी यीस्ट घालून आंबवितात आणि तांब्याच्या भांड्यांत उकळून मद्यार्काची वाफ वेगळी करतात. पहिल्या भांड्याच्या तळाशीं जें पिंगट पाणी उरतें, तें 'पॉट एल'. त्यांत मेलेलें यीस्ट असल्यामुळें तेंही पौष्टिक. परंतु शंभरांत सुमारें ९५ भाग निव्वळ पाणी! तें आटवून काकवीसारखें दाट करतात, ड्राफमध्यें मिसळतात व वाळवून त्याच्या गोळ्या पाडतात. या 'डार्क ग्रेन्स' पुष्कळ दिवस टिकतात. ओला ड्राफ थोड्याच दिवसांत बुरसतो. म्हणून तो हवाबंद दाबून ठेवावा लागतो.

यांत एक धोकाही आहे. भांड्याचें कांहीं तांबें या खाद्यांत उतरतें. गाईला तें सोसतें. मेंढीच्या यकृतांत मात्र तें सांचत जातें आणि ती अकस्मात् दगावते.

रोथेस गांवच्या भट्टीवाल्यांनीं अशा उरलेल्या मालाची व्यवस्था लावण्यासाठीं १९०४ सालीं संयुक्त संस्था काढली. त्याच गांवीं २०१३ सालीं ड्राफ व लांकडाचे तुकडे जाळून वीज करणारा कारखाना सुरू झाला. कोळसा व खनिज तेल यांवरील भार हलका होतो, हें त्याच्या बाजूचें म्हणणें. उलट, हिंवाळ्यांत गुरांपुढें काय टाकावें, ही शेतकऱ्याची काळजी.

दोन्ही म्हणणीं खरीं आहेत. ओल्या चोथ्यांत तीन-चतुर्थांश पाणीच असतें. गोठे दूर असतील, तर हें पाणी वाहून नेणें परवडत नाहीं आणि वाळवावयास पुन्हा जळण लागतें. तेथें तो चुलींत घालणें गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु गोठा जवळ असतां त्याची जागा गव्हाणींतच आहे. जाळल्यावर राखेंतून कांहीं क्षार परत मिळतात, पण प्रथिनांतील नत्र धुराबरोबर जातें. गाईनें खाल्लें, तर दूध किंवा मांस हातीं येऊन उरलेल्या नत्राचा मोठा भाग शेणामुतांतून शेताला मिळूं शकतो, आणि त्याच शेतांत पुढल्या वर्षींचा जव वाढतो.

म्हणून आधीं गव्हाण, मग चूल, हा क्रम राखणें मला इष्ट वाटतें.