फ्रीज आवरताना

गौरी-गणपती तोंडावर आलेत. घरोघरी जळमटं काढणं चाललंय, पितळेची भांडी चिंचेने घासून होतायत, डबे उन्हात पडतायत. या सगळ्यात एक कपाट मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तसंच राहतं, ते म्हणजे फ्रीज. मग पंचामृताचं दूध, खवलेला नारळ, फुलं आणि पुरणाचं पातेलं ठेवायला जागा नाही म्हणून ऐनवेळी चिडचिड. यंदा आमच्या गटातल्या आम्ही सहाजणींनी ठरवलं, दोन रविवार काढायचे आणि एकमेकींचे फ्रीज मिळून आवरायचे. गप्पा मारत काम उरकेल, एवढाच हिशेब होता. पण फ्रीज आवरता आवरता बोलणं भलतीकडेच गेलं, आणि तेच आज तुम्हाला सांगायचंय.

आधी काय काय निघालं ते ऐका. आइस्क्रीमच्या डब्यात मटार, श्रीखंडाच्या डब्यात लसणाची चटणी. एका लोणच्याच्या बरणीत नक्की काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाळून खडा झालेली अर्धी लिंबं. पार्सलबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्या, ज्या कुणी कधीच फोडत नाही. पिशवीतच पाणी सुटलेली कोथिंबीर. लोणी काढायचं म्हणून साठवलेली साय, इतक्या दिवसांची की झाकण उघडल्यावर सगळ्याजणी दोन पावलं मागे. पोराचं मुदत संपलेलं खोकल्याचं औषध. आणि वाट्या! दोन चमचे उसळ, तळाची आमटी, एक घास भात. वाटीवर ताटली, ताटलीवर दुसरी वाटी, असे मनोरेच्या मनोरे.

आमच्यातल्या एक काकू शिस्तीच्या. त्यांनी वही घेतली आणि प्रत्येक वाटीला दोन प्रश्न विचारले. हे कधीचं? आणि हे कोण खाणार होतं? पहिल्याचं उत्तर पुष्कळदा आठवेना. दुसऱ्याचं मात्र सहाही घरांत एका क्षणात आलं, आणि सगळीकडे एकच आलं. "मीच खाईन ना दुपारी."

आता शिळं खाण्यात कमीपणा मुळीच नाही. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा, उरलेली आमटी घालून मळलेलं थालीपीठ, हे आपल्या स्वयंपाकातले मानाचे पदार्थ आहेत. श्रावणातल्या शीतळासप्तमीला तर चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशी केलेलं खायचं. पण ते सगळं घर खातं, सासऱ्यांपासून नातवंडांपर्यंत. आमच्या वहीतल्या वाट्या वेगळ्या होत्या. त्या एकाच ताटात जाणार होत्या, तेही सगळे कामाला, शाळेला गेल्यावर.

पूर्वी घरात शिंकं असायचं, नाहीतर जाळीचं फडताळ. रात्रीचं उरलेलं सकाळी समोर दिसायचं, दुपारपर्यंत वास सांगायचा आणि त्याचा निकाल लागायचा. भारतात गोदरेजने १९५८ साली पहिला फ्रीज बाजारात आणला. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी तो घरोघरी यायला पुढे बरीच वर्षं गेली. त्याने आपलं काम हलकं केलं, त्याबद्दल वादच नाही. रोज दोनदा दूध तापवणं सुटलं, रोजची भाजी आणणं सुटलं. पण उरलेलं अन्न दाराआड गेलं. जे एका सकाळीच संपायचं ते चार-चार दिवस रेंगाळायला लागलं. आणि "टाकवत नाही" हे वाक्य घरात एकटी बाईच म्हणते, त्यामुळे खातेही तीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ सालच्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. शिळ्या आमटीमुळे रक्त कमी होतं असं आम्ही म्हणत नाही. पण जिचं दुपारचं जेवण म्हणजे काल इतरांना नको झालेलं, तिच्या ताटात ताजी पालेभाजी, उसळ, लिंबाची फोड किती वेळा पडते? आमच्यातल्या एकीने हिशेब केला तर आठवड्यातले पाच दिवस दुपारी तिने ताजं काहीच खाल्लं नव्हतं. घरात सकाळी भाजी मात्र रोज होत होती.

त्यात दुसरी गोष्ट अशी, की फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे खराब होत नाही, हा समज खोटा आहे. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. तीही आतली थंडी चार-पाच अंशांपर्यंत असेल तर. फ्रीज ठासून भरला की गार हवा फिरतच नाही. भाताचं तर विशेष सांगायला हवं. तांदळात एका जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात परातीत पसरून निववावा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. लिस्टेरिया नावाचा आणखी एक जंतू आहे, तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो. पोटुशी बाईला तो बाधला तर गर्भपातही होऊ शकतो. नीट वाफ येईपर्यंत गरम केलं तर तो मरतो. तेव्हा ज्या घरात सून गरोदर आहे, तिथे गारढोण वाट्या संपवायचं काम तिच्याकडे नको, एवढं सासूबाईंनी आमचं ऐकावं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आदल्या दोन दिवसांत भाजी-दूध बेताचंच आणा. फ्रीज बंद करून पिन काढा, नुसतं बटण नको. बर्फाचा थर असेल तर दार उघडं ठेवून तो आपोआप वितळू द्या, खाली जुनी चादर अंथरा. सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर काही लावायचं नाही. बर्फाच्या कप्प्याच्या पातळ पत्र्यातूनच गॅसची नळी जाते. ती फुटली की दुरुस्तीचा खर्च मोठा, आणि हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो. काचेचे कप्पे बाहेर काढल्यावर लगेच गरम पाणी ओतू नका, तडकतात. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून फडक्याने पुसलं की वासही जातो. दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी बसते, तिथे जुना टूथब्रश चालवा. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. ती सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय, आणि विजेचं बिल तिथूनच वाढतंय.

आणि मागचा ट्रे! सहापैकी चार घरांत मागे असा ट्रे असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी नळीतून मागे, खालच्या बाजूच्या ट्रेमध्ये जमतं. पावसाळ्यात हवेत ओल जास्त, म्हणून पाणीही जास्त. एका घरी आम्ही फ्रीज पुढे ओढला तर त्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा ट्रे ओतायचाच. नुसता ओतूनही भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून घासायचा. आशाताई घरी येऊन पिंप, कुंड्या बघून जातात, तेव्हा त्यांना हा ट्रेही दाखवा. ज्या फ्रीजमध्ये तो सुटा निघत नाही, तिथे पाणी फडक्याने टिपून घ्या.

परत लावताना फार विचार करायची गरज नाही. कच्ची मासळी किंवा मटण झाकून सगळ्यात खाली, म्हणजे त्याचं पाणी शिजलेल्यावर गळणार नाही. कांदे, बटाटे, केळी बाहेरच बरी. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर न उघडलेल्या बाटल्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला लागून तर नकोच, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. वीज गेली की दार उघडून बघत बसू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो.

राहिला प्रश्न वाट्यांचा. काकूंनी सुचवलं, सहाजणींनी मान्य केलं. सगळ्यात वरचा कप्पा उरलेल्यासाठी राखून ठेवायचा, अगदी डोळ्यांसमोर, तोही काचेच्या किंवा पारदर्शक डब्यांत. डब्यावर कागदाची चिकटपट्टी, तीवर वार लिहायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो डबा गरम करून सगळ्यांच्या पानात थोडा थोडा वाढायचा, आणि मगच ताजं.

पहिल्या आठवड्यात दोन घरांत कुरकुर झाली. एका घरी मुलाने "हे कालचंय" म्हणून वाटी सरकवली. तिथे आजी म्हणाल्या, "तुझी आई खाते ते तुला कडू लागतं का?" दुसऱ्या घरी काका आता ऑफिसातून निघताना फोन करतात, वरच्या कप्प्यात काय आहे ते विचारतात, आणि डबा भरलेला असला तर वाटेत भाजी घेत नाहीत. त्या घरच्या वहिनी सांगत होत्या, गेल्या आठवड्यात भात मोजून अर्धी वाटी कमी लावला आणि तरी कुणाला कमी पडला नाही. बुधवारी दुपारी त्यांनी स्वतःपुरती मेथीची भाजी केली, गरम भाकरी थापली आणि निवांत बसून जेवल्या.