वरकस जमिनीवरील रोपे आणि पाऊस
कर्जत-खालापूर तालुक्यांत पाऊस उदंड पडतो. तथापि महसुली दप्तरात जिला वरकस म्हणतात, त्या उताराच्या मुरमाड जमिनीत पाणी ठरत नसल्याने, आश्विन सरताच तेथील ऐन-खैराच्या कोवळ्या रोपांची परीक्षा सुरू होते. मुळांना ओलावा मिळेनासा झाला की पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रे मिटतात; बाष्प वाचते, परंतु त्याच द्वारांनी आत येणारा कर्बवायू अडल्यामुळे, ऊन मुबलक असूनही प्रकाशसंश्लेषण मंदावते. आषाढात पाणी विपुल, पण मेघांमुळे प्रकाश अपुरा! म्हणून भाद्रपदातील उघडीप, जेव्हा माती ओली आणि ऊन स्वच्छ असते, तीच रोपांच्या अन्ननिर्मितीची खरी सुगी होय. यास्तव लागवड पहिल्या पावसातच उरकावी आणि ओल टिकून आहे तोवर आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन अवश्य घालावे.