बंद खात्याचे दार



मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळी विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब! अधिक मजुरीचे काम असे हिरावले गेले.

आज कुशल फिटर, वेल्डर मिळत नाहीत, अशी कारखानदारांची तक्रार आहे आणि आपली मुले मात्र कारकुनीच्या आशेवर वर्षे दवडतात. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यात १९७३ साली अनुसूचित जातींसाठी राखीव जागांची तरतूद झाली. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही तो दर्जा मिळाला. हा हक्क कागदावर कुजू देऊ नका. मुलामुलींना आयटीआयत पाठवा. उमेदवारीचा करार लेखी व नोंदलेला असल्याची खात्री करूनच सही करा.

पणजोबांना नाकारलेले कसब आपल्या लेकींच्या हाती येऊ द्या.