परतीचा वारा

जून-जुलैत पैठणला नाथसागराच्या बांधावर उभे राहिले की पश्चिमेचा वारा टोपी डोक्यावर राहू देत नाही. फिरायला आलेली मंडळी फोटो काढून परततात. मी मात्र लाटांवर कुठे पांढरा फेस दिसतो, ते पाहत बसतो. सैन्यात असताना विंडसर्फिंग शिकलो, तेव्हाची ही सवय.

विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर जाणे. सुकाणू नसते. डोलकाठी फिरत्या सांध्यावर बसवलेली असते. शीड पुढे-मागे झुकवायचे, की फळी वळते. काइटबोर्डिंगमध्ये शिडाऐवजी मोठा पतंग असतो. त्याच्या वीस-पंचवीस मीटरच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवतात. विंडसर्फिंग १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये आले, पतंगाची शर्यत २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत. याला समुद्रच हवा असेही नाही. भोपाळच्या मोठ्या तलावावर तयार झालेल्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले.

पण तलाव फसवतो. ते मी स्वतः अनुभवले आहे. पुण्याजवळच्या एका जलाशयावर सुटीच्या दिवशी मी एकटाच उतरलो. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत होता, त्यामुळे काठाजवळ पाणी अगदी शांत. मध्यावर गेलो आणि झोत सुरू झाले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, हे मला पाठ होते. तरी शीड मोठेच लावले होते. पडलो. भिजलेले शीड दोरीने ओढून उभे करायचे, पुन्हा पडायचे. अर्ध्या तासात हात बधिर झाले. काठ जवळ वाटत होता. फळी सोडून पोहत जावे, असा विचार मनात आला. फळी सोडायची नाही, हे शिकवणीतले एकच वाक्य आठवले, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे. शेवटी जाळी काढायला आलेल्या एका मासेमाराने मला होडीत घेतले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, वारा पाठीवर असला की जाताना सगळेच पट्टीचे नावाडी. परत येताना कळतं.’’

नाथसागर पाहताना मला हे वाक्य आठवते. जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब, पण पसरट आणि उथळ. पश्चिमेच्या वाऱ्याला एवढे मोकळे पाणी मिळाले की धरणापर्यंत येता येता लाटा चांगल्याच वाढतात. उथळ पाण्यात त्या आखूड आणि उभ्या होतात. लहान होडीला एका लाटेतून सावरायला वेळ मिळत नाही, तोच दुसरी येते. धरणाच्या बाजूला वारा माणसाला दगडी बांधावर आपटतो; पलीकडच्या काठावरून तोच वारा आत ओढून नेतो.

१९८६ पासून हा परिसर पक्षी अभयारण्य आहे. तेव्हा मनात आले म्हणून इथे कुणी शीड किंवा पतंग उभारू नये, हे योग्यच. पण होडीत बसणारे, पोहायला उतरणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच. पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटे काठावर थांबा. वारा कुठून कुठे जातो आहे, ते झाडांकडे पाहून ठरवा. काठाकडून आत वाहणारा जोराचा वारा असेल, तर पाणी कितीही शांत दिसो, उतरू नका. वळवाचे ढग दिसले तर आधीच काठ गाठा. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट अंगात हवेच. होडी उलटली, तर तिला धरून राहा. आणि तिथल्या भोई बांधवांना विचारा. ते ‘आज नको’ म्हणाले, तर वाद न घालता घरी जा.

वारा उद्याही येणार आहे. आपणही उद्या असायला हवे.