परदेशाची पहिली वाट : आधीं कागद वाचा, मग पेटी भरा

(परदेशीं कामास निघालेल्या तरुणांच्या व त्यांच्या घरच्या मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



आपल्या गवंड्याचीं, सुताराचीं, कुणब्याचीं पोरें आतां आखातांत कामाला निघालीं आहेत. समुद्र ओलांडला कीं धर्म बुडतो, असें आपल्या वाडवडिलांना शिकविलें जात होतें. शाहू महाराज १९०२ सालीं विलायतेस जाऊन आले. त्यांचा धर्म बुडाला नाहीं, तर तुमचा कशानें बुडेल? जावें कीं न जावें हा आजचा प्रश्न नाहीं. जायचें तर कोणत्या तयारीनें, एवढेंच सांगण्यास मी उभा आहें.

आपल्या घरीं तयारी म्हणजे काय? मुहूर्त पाहायचा, नारळ फोडायचा, नवी पेटी घ्यायची, लाडू-चिवडा बांधायचा. आणि ज्या कागदावर पोराचीं दोन वर्षें लिहून दिलेलीं असतात, तो कागद घरांत कोणी उघडूनसुद्धां पाहात नाहीं. एजंट म्हणतो, येथें सही कर. पोरगा सही करतो. मंडळी, धोका समुद्रांत नाहीं, विमानांतही नाहीं. धोका या सहींत आहे.

ही गोष्ट आजची नव्हे. १८३४ सालापासून हिंदुस्थानांतून मजूर मॉरिशस बेटावर ऊंसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचीं आपलीं माणसेंही होतीं. करार पांच वर्षांचा. 'अॅग्रिमेंट' या शब्दाचें लोकांच्या तोंडीं 'गिरमिट' झालें. त्या गिरमिटावर अंगठा उठविणाऱ्याला आंत काय लिहिलें आहे हें ठाऊक नसे. तेथें एक दिवस काम चुकलें कीं दोन दिवसांची मजुरी कापीत. पोर्ट लुई येथें हीं माणसें ज्या धक्क्यावर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जात आहे. त्या लोकांना वाचतां येत नव्हतें, कारण त्यांना शाळेंत कोणी बसूंच दिलें नव्हतें. तुम्ही शाळेंत बसलां आहांत. तरीही न वाचतां सही कराल, तर तुमच्या सहींत आणि त्यांच्या अंगठ्यांत फरक तो काय?

आतां एकेक गोष्ट सांगतों.

पहिली गोष्ट नांवाची आणि तारखेची. पासपोर्ट, आधार आणि शाळेचा दाखला या तिहींवर नांव एकच हवें. आपल्याकडे एकाच माणसाचीं रामा, रामू, रामचंद्र अशीं तीन नांवें तीन कागदांवर असतात. जन्मतारखेचेंही तसेंच. तारीख ठाऊक नसली कीं दाखल्यावर १ जून लिहिण्याची जुनी रीत. म्हणून एकेका गांवांत १ जूनला जन्मलेले पुष्कळ! एका कागदावर ती तारीख आणि दुसऱ्यावर वेगळी, असें झालें कीं माणूस खिडकीवरून परत येतो. ही दुरुस्ती आधींच करून घ्या. सज्ञान माणसाचा पासपोर्ट दहा वर्षें चालतो, पण निघतांना निदान सहा महिने मुदत शिल्लक असावी.

दुसरी गोष्ट परवानगीची. ज्याची दहावी झालेली नाहीं, त्याच्या पासपोर्टावर सामान्यतः सरकारी तपासणीची नोंद असते. अशा माणसास सौदी अरेबिया, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया वगैरे १८ देशांत नोकरीस जातांना १९८३ सालच्या कायद्याखालीं परवानगी घ्यावी लागते. बाई असेल तर तिचें वय ३० पूर्ण हवें. ही कटकट नव्हे, हें कुंपण आहे. परवानगीबरोबर प्रवासी भारतीय विमा उतरतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. अपघातानें मृत्यु आला किंवा कायमचें अपंगत्व आलें तर १० लाखांपर्यंत रक्कम. एक बकरें विकून चार-पांच जणांचा विमा उतरेल!

एजंट मात्र सांगतो, "परवानगीला वेळ लागतो, तूं फिरण्याच्या व्हिसावर चल, तिकडे बदलून देतों." हें वाक्य ऐकलें कीं उठून घरीं या. फिरण्याच्या व्हिसावर काम करणें हा तेथें गुन्हा आहे. मालकानें पगार बुडविला तर तक्रार कोणत्या तोंडानें कराल? आधीं पकडले जाल तुम्ही.

तिसरी गोष्ट एजंटाची. तो सरकारांत नोंदलेला आहे कीं नाहीं, हें 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहतां येतें. फीची मर्यादा ३०,००० रुपये आणि वर कर, अशी ठरलेली आहे. पावतीशिवाय एक रुपया देऊं नका. जो पावती देत नाहीं तो उद्यां ओळखही देणार नाहीं.

लाख-दोन लाख मागितले कीं आपण जमीन गहाण टाकतों. जरा शाळेंतलें सरळव्याज आठवा. दोन लाख रुपये, दरमहा शेकडा तीन. महिन्याचें व्याज ६,००० रुपये. दोन वर्षांचें १,४४,००० रुपये, आणि मुद्दल जागच्या जागीं! पोरगा वाळवंटांत राबतो तो घरासाठीं कीं सावकारासाठीं, हा हिशेब पाटीवर मांडा आणि मगच सातबाऱ्याला हात लावा.

चौथी गोष्ट कराराची. मालकाचें नांव, कामाचा प्रकार, मूळ पगार, तास, सुटी, राहणें-जेवण कोणाचें, परतीचें तिकीट कोणाचें, हें सर्व लिहिलेलें हवें. "सुतार म्हणून नेतों" असें तोंडानें सांगून कागदावर हमाल लिहिलें असेल, तर कागद खरा. तेथें उतरल्यावर दुसरा अरबी कागद पुढें आला, तर पहिल्याशीं ताडून पाहिल्याशिवाय सही नको. तेथील कायदाही माहीत असूं द्या. अमिरातींत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारीं साडेबारा ते तीन उघड्या उन्हांत काम करवून घेण्यास मनाई आहे. हें ज्या गवंड्याला ठाऊक आहे त्याला मालक सहज फसवूं शकत नाहीं.

पांचवी गोष्ट पेटीची. ही मायबहिणींनीं ऐकावी. अनारशाला आपण खसखस लावतों. ती अफूच्या बोंडाचें बीं. अमिरातींत आणि सौदींत ती बंदीची आहे. लाडू खुशाल द्या, खसखस देऊं नका. कोडीन असलेलें खोकल्याचें औषध, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या परवानगीवांचून नेऊं नयेत. बाकीचें औषध डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावें. आणि "आमच्या भावाला एवढें गाठोडें दे" असें कोणी म्हटलें, तर हात जोडा. गाठोडें ज्याच्या हातीं सांपडेल, गुन्हेगार तोच. सौदींत अमली मालाच्या व्यापारास देहदंडाची शिक्षा आहे.

शेवटची तयारी जाणाऱ्याची नव्हे, मागें राहणाऱ्याची. पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा, पावत्या यांच्या नकला घरीं कारभारणीच्या हातीं हव्यात. मालकाचा पत्ता आणि तेथील भारतीय वकिलातीचा नंबर तिच्या वहींत हवा. संकट आलें तर दारोदार फिरण्याची पाळी तिच्यावरच येते. पुरावा तिच्या पेटींत असला तर तिचें बोलणें कचेरींत ऐकतील; नसला तर नुसतीं आंसवें कोण वाचतो?

म्हणून माझें सांगणें इतकेंच. पोरगा निघण्यापूर्वीं एका संध्याकाळीं पोथी ऐकायला बसतां तसे सगळे घरांत बसा आणि तो करार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानें वाचवून घ्या. जी ओळ कळणार नाहीं तिच्याखालीं रेघ मारा. तो कागद घेऊन शाळेंत या. शाळा सुटल्यावर मी तेथेंच असतों.