रुग्णसेवेतील शब्ददान



रुग्णांच्या नोंदी ठेवणारी ‘ओपनएमआरएस’ ही संगणकप्रणाली २००४ साली आकारास आली. तिच्यावर आधारलेली ‘बह्मनी’ छत्तीसगडातील गनियारीच्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ रुग्णालयात प्रथम रुजली. दोन्ही विनामूल्य असून त्यांची घडण सर्वांस खुली आहे. या कार्यास केवळ तंत्रज्ञच हवेत असे नाही. परप्रांती आपण दोन भाषांत वावरतो. पडद्यावरील शब्दांच्या भाषांतरापासून आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो. औषध ‘दिवसातून दोनदा’ याऐवजी ‘दोन दिवसांतून एकदा’ असे उमटले, तर रुग्णाच्या जिवावर बेतेल! यास्तव आपला शब्द डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, दोष आढळल्यास कळवावा आणि खऱ्या रुग्णाची माहिती कोठेही उघड करू नये. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण सारे हा वसा घेऊ या.