दुःखातून वाढलेली श्रद्धा

भगिनींनो, संकट आले की आपण म्हणतो, ‘देवाने मलाच का गाठले?’ अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८२ साली पती गेले. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, म्हणून दुःख काही थांबले नाही. पण भुकेची ओळख होती, म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील निराधार मुलींना त्यांनी पोटाशी धरले. केडगावचे मुक्तिसदन वाढले. १९२१ साली एकुलती एक मनोरमाही गेली, तरी बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी तडीस नेले.

दुःख माणसाला कडूही करते. दुसऱ्याची भूक ओळखता आली, तरच श्रद्धा वाढली, असे मी समजते. आज घरी जाताना शेजारणीच्या चुलीची चौकशी करू या.